पाणी पैठणपर्यंत पोहोचलं. पुढे कुणाच्या वाट्याला?

ऑक्टोबर उजाडला की गोदावरीच्या खोऱ्यात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: ६५ टक्के. पैठणच्या जायकवाडी धरणातला उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला या आकड्याच्या वर असेल तर नाशिक-नगरवाले सुटकेचा श्वास सोडतात. खाली असेल तर त्यांच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ येते, आणि मग मोर्चे, रास्ता रोको, न्यायालयात धाव, आणि पेपरात 'मराठवाडा विरुद्ध नाशिक-नगर' असा ठळक मथळा. या विषयावर लिहिणाऱ्याला लोक आधी 'तुमचं गाव कुठलं?' असं विचारतात, आणि उत्तर मिळालं की पुढचं वाचायचं की नाही ते ठरवतात.

भांडण खरं आहे, पण ते अर्धंच आहे. धरणाधरणांत पाणी कसं वाटायचं, याचा कायदा महाराष्ट्रात आहे आणि तो बऱ्यापैकी चाललाही आहे. धरणाच्या भिंतीपुढे कालव्यावर, चारीवर आणि गावात ते कुणाला मिळतं, कुणाला नाही, आणि हे ठरवायला बसतं कोण, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. पोटापाण्याचा प्रश्न सुटतो किंवा अडतो तो याच टप्प्यावर.

आधी भांडण नीट समजून घेऊ.

खोरं म्हणजे ज्या सगळ्या जमिनीवरचा पाऊस ओघळत अखेर एकाच नदीला मिळतो तो मुलूख. महाराष्ट्राचं निम्मं क्षेत्रफळ गोदावरीच्या खोऱ्यात येतं. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी नाशिक, कोपरगाव, पुणतांबा करत पैठणला येते. वाटेत दारणा आणि कादवा मिळतात, आणि प्रवरासंगमला मुळेचं पाणी घेऊन आलेली प्रवरा मिळते. पाऊस पडतो तो मुख्यतः पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला. पैठणच्या आसपास पावसाची खात्री नाही. म्हणजे पैठणला धरण आहे, पण ते भरतं इगतपुरी-त्र्यंबक-भंडारदऱ्याच्या पावसावर.

वरच्या भागातली धरणं जुनी आहेत. दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. गोदावरीचे डावे-उजवे कालवेही ब्रिटिशांच्या काळातले. या पाण्यावर नगर जिल्ह्यात ऊस उभा राहिला आणि प्रवरेच्या काठावर सहकारी साखर कारखानदारीचा पाया पडला. जायकवाडीची पायाभरणी झाली १९६५ ला आणि लोकार्पण १९७६ ला. एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी, त्यातलं ७६ टीएमसी उपयुक्त आणि २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीवर राहणारं पाणी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. या धरणावर छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचं पिण्याचं पाणी, तिथले उद्योग, आणि डावा-उजवा मिळून तीनशे किलोमीटरहून लांब कालव्यांवरची शेती अवलंबून आहे.

जायकवाडी झालं तरी वरच्या भागात धरणं बांधणं थांबलं नाही. पिण्यासाठी, शेतीसाठी, वाढत्या नाशिकसाठी एकेक धरण होत गेलं. वरच्या माणसाचं म्हणणं असं: 'आमचे कालवे शंभर वर्षांचे, पाणी आमच्या डोंगरात पडतं, आमची बागायत वाळवून खाली का सोडायचं?' खालच्याचं म्हणणं: 'सरकारनेच हिशेब करून आमच्यासाठी एवढं मोठं धरण बांधलं, जमिनी घेतल्या, गावं उठवली. आता वर अडवून ठेवलं तर हे भरायचं कशाने?' दोन्ही बाजूंना खोटं ठरवता येत नाही. म्हणूनच अशा वेळी भावनेपेक्षा नियम बरा.

नियम आला २००५ मध्ये. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा त्या वर्षी झाला. त्याच्या कलम १२ मध्ये एक उपकलम आहे, त्याचा सरळ अर्थ असा: टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमधल्या पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी असावी. कुणाचं धरण शंभर टक्के आणि कुणाचं तीस, असं नको. तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. यालाच 'समन्यायी पाणीवाटप' म्हणतात.

कायदा झाला, पण कपाटात राहिला. २०१२ च्या दुष्काळात तो बाहेर काढावा लागला. याचिका झाल्या. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने २०१३ मध्ये अहवाल दिला, आणि वर किती, खाली किती साठा असताना किती पाणी सोडायचं याचे तक्ते आले. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या वर असेल तर वरून सोडायची गरज नाही, हा आकडा त्यातलाच. ६५ टक्के म्हणजे साधारण ५० टीएमसी, आणि त्यात खरिपासाठी आधीच वापरलेलं पाणीही धरायचं. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये या धर्तीवर आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०१५, २०१८ आणि २०२३ साली वरच्या धरणांतून पाणी सोडायचे आदेश निघाले. २०२३ चा आदेश ८.६ टीएमसीचा होता.

प्रत्यक्ष पाणी सोडायचं म्हणजे काय होतं, हे पाहण्यासारखं असतं. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढून ठेवतात, नाहीतर पाणी वाटेतच थबकायचं. नदीकाठच्या मोटारी चालू राहिल्या तर निम्मं पाणी शेतात जाईल, म्हणून काठावरच्या गावांची वीज तोडतात. पोलीस बंदोबस्त लागतो. नदीचं पात्र कोरडं असेल तर पहिलं पाणी वाळूच पिते. म्हणजे कागदावर सोडलेलं आणि पैठणला पोहोचलेलं पाणी यांत मोठा फरक राहतो, आणि त्या फरकावरून पुन्हा वाद. वरचा म्हणतो, 'आमचं पाणी वाया घालवलं.' खालचा म्हणतो, 'ठरलेलं पूर्ण दिलंच नाही.' पात्र ओलं असताना, पावसाळा संपायच्या आतच सोडलं तर हे नुकसान बरंच कमी होतं, हे जलसंपदा खात्यातला कुणीही सांगेल. पण तेव्हा कुणालाच घाई नसते. टंचाई अजून डोळ्यांना दिसत नसते.

असो. हे झालं धरणाधरणांमधलं.

आता त्याच कलम १२ चा थोडा आधीचा भाग वाचा. तो सहसा कुणी वाचत नाही. लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाच्या कालव्यांवर भिजणाऱ्या भागातल्या, प्रत्येक जमीनधारकाला पाण्याचा कोटा द्यायचा आणि तो जमिनीच्या प्रमाणात ठरवायचा, असं तिथे आहे. टंचाईत निदान एक एकर भिजेल एवढं तरी प्रत्येकाला द्यायचा प्रयत्न करायचा, हीही तरतूद आहे, आणि ती चांगली आहे. पण कोटा कुणाला? जमीनधारकाला. म्हणजे दहा एकरवाल्याला दहा एकरांचा, एकरवाल्याला एकाचा, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला काहीच नाही. (जाता जाता: याच कायद्यात दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याकडून दीडपट पाणीपट्टी घ्यावी, असंही लिहिलेलं आहे. कायदा करणाऱ्यांना कुटुंबातली डोकी मोजायचं सुचलं ते दंडासाठी, वाट्यासाठी नाही.)

जमिनीच्या हिशेबाने का होईना, ठरलेला कोटा तरी मिळतो का? कालव्याच्या सुरुवातीला, म्हणजे हेडला, ज्याचं शेत आहे त्याला मिळतो. शेवटच्याला, टेलच्या माणसाला, आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, संपायच्या दिवशी ओली चारी बघायला मिळते. शेजपाळीचा, म्हणजे पाळीपाळीने पाणी द्यायचा, जुना नियम टेलकडून हेडकडे पाणी देत यायचा आहे. पण दारं वरच्याच्या हाताशी असतात आणि रात्र मोठी असते. सात नंबरचा पाणीअर्ज भरायचा, पाणीपट्टी भरायची आणि चाऱ्यांना पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागे फिरायचं, हे टेलच्या शेतकऱ्याला पाठ आहे. जायकवाडीच्या कालव्यांच्या टोकाला परभणीकडे गेलात तर 'धरण भरलं म्हणजे आम्हाला पाणी आलं' असं म्हणणारा माणूस शोधावा लागेल.

म्हणजे नाशिकहून भांडून आणलेलं पाणी पैठणच्या खाली पुन्हा हेड-टेलमध्ये अडकतं. तिथे तहसीलदार बंदोबस्त लावत नाही आणि टीव्हीवाले येत नाहीत.

यावर उत्तर आहे, आणि ते याच खोऱ्यात, तेही नाशिक जिल्ह्यात सापडलेलं आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटाला ओझर परिसरातल्या शेतकऱ्यांना पाणी जवळपास मिळतच नव्हतं. १९९१ च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तिथे बाणगंगा, जय योगेश्वर आणि महात्मा फुले अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांची मागणी साधी होती: आम्हाला एकरावर नको, मोजून द्या. चारीच्या तोंडाशी आम्ही पाणी विकत घेऊ, आत कसं वाटायचं ते आमचं आम्ही बघू.

'मोजून' या एका गोष्टीने काय बदलतं ते पाहा. एकरावर पाणीपट्टी असेल तर पाणी जास्त घेतलं काय, कमी घेतलं काय, पैसे तेवढेच. मग जो तो रानात तळं होईपर्यंत दारं उघडी ठेवणार. घनमापन पद्धतीत चारीच्या तोंडाशी सिमेंटची एक अरुंद मोजनळी बांधलेली असते आणि तिच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी असते. पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात बघायचं, सेकंदाला किती लिटर वाहतंय ते कळतं. समजा ३० लिटरचा विसर्ग सहा तास चालला, तर ६४८ घनमीटर पाणी गेलं. ते वहीत लिहायचं. खात्याचा माणूसही त्याच पट्टीवर बघतो, संस्थेचाही. वाद घालायचा तर आकड्याशी घाला. एकदा एवढं झालं की कुणी किती घेतलं हे चावडीवर बोलता येतं, आणि कमी लागणारं पीक घ्यावं, ठिबक करावं, असं शेतकऱ्याला आपोआप वाटायला लागतं. वाघाडच्या लाभक्षेत्रात द्राक्षं वाढली त्यामागे हेही एक कारण आहे. विहिरींचं पाणी आणि कालव्याचं पाणी तिथे एकत्र धरून नियोजन करतात, कारण कालवा चालला की विहिरींनाही पाझर येतो, आणि ते पाणीही शेवटी त्याच धरणाचं असतं.

तिघांचं बघून बाकीचे आले. वाघाडवर अशा २४ संस्था झाल्या, त्यांचा प्रकल्पपातळीवर महासंघ झाला आणि धरणाखालचं सगळं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. साठा बघून प्रत्येक संस्थेचा वाटा ठरतो आणि टेलला आधी पाणी जातं. पुढे २००५ मध्येच 'सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' हा वेगळा कायदा आला, त्यामागे वाघाडसारख्या अनुभवांचा मोठा हात आहे. त्या कायद्याप्रमाणे संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांना सारख्या जागा द्याव्या लागतात आणि महिलांना राखीव. मला या कायद्यातली ही सगळ्यात शहाणी ओळ वाटते. टेलचा माणूस बैठकीत असला की 'टेलला पाणी पोहोचलं' असं खोटं लिहिता येत नाही.

मग राज्यभर वाघाड का झाले नाहीत? कालवे मोडकळीला आलेले, आणि संस्थेच्या ताब्यात द्यायच्या आधी ते दुरुस्त करायला खातं तयार नाही किंवा खात्याकडे पैसा नाही. मोजनळ्या बांधलेल्या, पण फुटलेल्या. संस्था अनुदानासाठी नोंदवलेली आणि तिचा शिक्का कुणाच्या तरी घरातल्या पेटीत. आणि खरं सांगायचं तर हेडच्या शेतकऱ्याला या संस्थेतून मिळण्यापेक्षा जाणारंच जास्त दिसतं. ओझरला जिद्दीने राबणारी माणसं होती आणि द्राक्षासारखं पैसा देणारं पीक होतं. दोन्ही गोष्टी सगळीकडे नसतात.

इथपर्यंत सगळं जमीनवाल्यांचं झालं. वाघाडही त्याला अपवाद नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या पोटाचं काय?

ऑक्टोबरात धरणांची टक्केवारी जुळवायचं काम चालू असतं, त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत पोरंबाळं आणि भांडीकुंडी. जातात कुठे? पश्चिम महाराष्ट्रात, नगरमध्ये, कर्नाटकात, जिथे पाणी आहे आणि म्हणून ऊस आहे तिथे. ज्यांच्या गावात पाणी पोहोचलं नाही ती माणसं पाण्याच्या गावी चालत जातात, सहा महिने दुसऱ्याचा ऊस तोडतात आणि उन्हाळ्यात कोरड्या गावी परत येतात. पाणीवाटपाचा खोऱ्यातला खरा नकाशा हवा असेल तर या गाड्यांच्या वाटा काढून बघाव्यात. मेंढेगिरींच्या तक्त्यांत या कुटुंबांसाठी रकाना नाही. दोष त्या अभ्यासगटाचा नाही. त्यांना धरणांबद्दल विचारलं होतं, माणसांबद्दल नाही.

धरणातच जगणारेही आहेत. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचं पोट पाण्याच्या पातळीशी बांधलेलं आहे. पाणी मृतसाठ्याच्या पातळीला गेलं की शहराला चर खणून आणि तरंगते पंप लावून पाणी देता येतं, पण माशाला चर खणून देता येत नाही. जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवायची योजना पुढे आली तेव्हा याच मच्छीमारांनी हरकत घेतली. ती बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण जलाशयाच्या वापराबद्दल त्यांना आधी विचारावं अशी रीतच आपल्याकडे नाही. ते 'लाभधारक' नाहीत. त्यांच्याकडे फक्त मासेमारीचा ठेका असतो.

पिण्याचं पाणी दिलं की माणसाची सोय झाली, असा एक समज आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेलं. मांजरा धरण आटलं होतं, दुसरा इलाज नव्हता, आणि ते काम चांगलंच झालं. पण हिशेब मांडून बघू. जलजीवन योजनेच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे १०० घनमीटर पाणी पुरतं. त्याच कुटुंबाने शेती-जनावरं करून गावात सन्मानाने जगायचं, तर किती लागेल? सांगली-सोलापूर-साताऱ्याकडच्या दुष्काळी तालुक्यांत नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी १९९३ पासून जी पाणीसंघर्ष चळवळ उभी केली, तिने याचं उत्तर मांडलं: कुटुंबामागे ५,००० घनमीटर. म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या पन्नासपट. टँकर आणि रेल्वे तहान भागवतात. राहिलेले ४,९०० घनमीटर मिळत नाहीत, म्हणून माणूस कोयता उचलतो.

हाच आकडा घेऊन पुढे जाऊ. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. भागिले ५,०००. एका टीएमसीत साडेपाच हजारांहून अधिक कुटुंबांची वर्षभराची उपजीविका बसते. २०२३ च्या त्या ८.६ टीएमसीत ४८ हजारांहून अधिक कुटुंबं. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन वजा करा, तरी आकडा लहान होत नाही. उलट एक हेक्टर ऊस मोकाट पाटपाण्यावर २० हजार घनमीटरपेक्षा जास्त पाणी घेतो. चार कुटुंबांचं पाणी एका हेक्टरात मुरतं.

लगेच उसावर तुटून पडायची गरज नाही. ऊस लावणारा शेतकरी वेडा नाही, तो हिशेबी आहे. उसाला ठरलेला दर आहे, दारात येऊन तोडून नेणारा कारखाना आहे, गारपिटीत तो मोडत नाही आणि एकदा लावला की खोडव्याचं पीकही मिळतं. तूर, करडई, ज्वारीला यातलं काय आहे? पाणी मोजून द्यायचं आणि पिकांना भाव मात्र द्यायचा नाही, असं केलं तर कुठलाही नियम टिकणार नाही. पाणीवाटपाची चर्चा पाण्यापुरती ठेवली की ती फसते, हे मला वारंवार दिसतं.

जमिनीशी पाण्याची गाठ सोडवून दाखवणारे प्रयोग आपल्याकडे झालेले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी माणशी मोजलं जायचं: एका माणसाला अर्ध्या एकराचं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, मग नावावर जमीन कितीही असो. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी आधी भरायचा आणि ऊस लावायचा नाही. त्यातल्या बऱ्याच योजना पुढे मंदावल्या, पण नियम चुकीचे होते म्हणून नव्हे. पाणी पंपाने उपसायचं म्हटलं की वीजबिल आलं, आणि भोवतालचा कायदा जमिनीच्याच बाजूचा राहिला. सांगलीत येरळेच्या काठी तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी स्वतः उभारलेल्या बळीराजा धरणातही भूमिहीनांना वाटा ठेवला होता. आटपाडी तालुक्यात टेंभू उपसा योजनेचं पाणी बंद नलिकेतून आणि समन्यायी पद्धतीने द्यायचं, हे पाणीसंघर्ष चळवळीने सरकारकडून तत्त्वतः मान्य करून घेतलं. भूमिहीनाने पाणी घेऊन काय करायचं, असं विचारणारे असतात. तो जमीन खंडाने करील, वाट्याने करील, चार म्हशी ठेवील. हातात पाणी असलं की जमीनवाल्याशी बोलणी बरोबरीने होतात.

आणि त्याच्याही आधी, खानदेशात फड पद्धत होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून खालच्या जमिनीचे चार फड करायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की एखादा फड सोडून द्यायचा. सगळ्यांचं थोडं थोडं सुटायचं, एकट्याचं पूर्ण बुडायचं नाही. पाटकरी, जागल्या, हवालदार गावाने नेमायचे आणि धान्याच्या रूपात गावानेच त्यांचा मेहनताना द्यायचा. २००५ च्या कायद्याने धरणांना लावलेला 'तूट वाटून घ्या' हा नियम तिथे शेतकऱ्यांनी शेतांना लावला होता, दोन-तीनशे वर्षं आधी. पण त्यातही बसायचा तो जमीनवालाच, हे विसरून चालणार नाही. जुन्या व्यवस्थांचे गोडवे गाताना हा भाग हमखास गळतो.

आता मुद्दा बसण्याचा. खोऱ्याचे निर्णय घेतं कोण?

कायद्याने राज्यात पाच नदीखोरे अभिकरणं मानली आहेत. ती म्हणजे आपली पाटबंधारे विकास महामंडळं: कृष्णा खोरे, गोदावरी मराठवाडा, तापी, विदर्भ आणि कोकण. ही महामंडळं धरणं बांधण्यासाठी निघाली. त्यांचे अध्यक्ष जलसंपदामंत्री, चालवणारे अभियंते. नावात 'खोरे' आहे, पण खोऱ्यातला शेतकरी, मच्छीमार, शहरातल्या वस्तीत हंडे भरणारी बाई, यांना तिथे हक्काची खुर्ची नाही. आणखी एक गोम आहे. गोदावरीच्या खोऱ्याचा पैठणकडचा भाग एका महामंडळाकडे, विदर्भातला दुसऱ्याकडे. नदी एक आणि दप्तरं अनेक. कायद्याने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषदही नेमली होती. तिची पहिली बैठक व्हायला २०१५ उजाडलं, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षं.

बैठका होत नव्हत्या म्हणून पाणी थांबलं नाही. २००३ पासून मंत्र्यांच्या एका उच्चाधिकार समितीने शेतीसाठी राखलेलं पाणी धरणामागून धरण शहरांना आणि उद्योगांना दिलं. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना ते नंतर कळलं. अप्पर वर्धा धरणाचं पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून अमरावतीत मोठं आंदोलन झालं. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेतीला पुन्हा दुसरं स्थान मिळालं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे ठरवायचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. यावर दोन मतं आहेत. निवडून आलेल्या सरकारने ठरवावं, प्राधिकरणाच्या नेमलेल्या सदस्यांनी नव्हे, हेही लोकशाहीला धरूनच आहे. मला ते पटतं, पण एका अटीवर: ठरवण्याआधी ज्यांचं पाणी जाणार त्यांना बोलवा, आकडे समोर ठेवा, आणि त्यांचं म्हणणं कागदावर येऊ द्या. शहराला पाणी लागणारच. पण बैठकीत शहराची महापालिका असते, उद्योगांची संघटना असते, आणि टेलचा शेतकरी वर्तमानपत्रात वाचतो.

सामान्य माणसाला हात घालता येईल अशी एक जागा आहे: कालवा सल्लागार समिती. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची ती असते. साठा किती, आवर्तनं किती, पहिलं कधी, हे पावसाळा संपताना तिच्या बैठकीत ठरतं. बैठक मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते, आमदार बोलतात, तासा-दोन तासांत उरकते. तिथे मागता येण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. बैठकीच्या आठवडाभर आधी साठ्याचा आणि मागच्या वर्षीच्या वापराचा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. बिगरसिंचनाला, म्हणजे शहरं-उद्योगांना, किती गेलं ते वेगळं दाखवा. प्रत्येक वितरिकेच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टेलचा एक माणूस बैठकीला बोलवा, तसंच मच्छीमार संस्थेचा एक आणि जमीन नसलेल्या कुटुंबांतली एक बाई. आवर्तन चालू असताना मोजनळीवरचा रोजचा आकडा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. पाटकऱ्याच्या हातात फोन आहेच. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

भूमिहीनाच्या वाट्याला मात्र लागतो. कलम १२ मध्ये 'जमीनधारक' या शब्दाच्या जागी 'लाभक्षेत्रातलं कुटुंब' आणल्याशिवाय ते होणार नाही. पन्नास टक्के पाणी जमिनीच्या प्रमाणात ठेवा आणि पन्नास टक्के कुटुंबामागे समान, एवढ्या तडजोडीनेही बीड-परभणीच्या कितीतरी गावांचं गणित बदलेल. हेडचे आणि मोठ्या रानांचे शेतकरी विरोध करतील, आणि तो विरोध नाशिक-नगरच्या मोर्चांपेक्षा कडवा असेल, कारण त्यात समोरचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला नसून आपल्याच गावातला असेल. मराठवाड्याचे पुढारी ६५ टक्क्यांवर जेवढ्या तावातावाने बोलतात, तेवढ्याने या बदलावर अजून कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.